मुरुड येईपर्यंत

रेवदंड्यात आम्ही दोन मास्तर. मी हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणजे खरा मास्तर मीच. पण मला सगळे 'सर' म्हणतात. 'मास्तर' म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढे बाळाराम म्हात्रे यायचे, आणि ते होते एस.टी.चे कंडक्टर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी स्टँडवरचा चहावाला त्यांना "मास्तर, आज कुठली गाडी?" असंच विचारायचा आणि मास्तरही "मुरुड" म्हणून बाकावर बसायचे. गाडी कुठलीच नसायची.

उंची बेताची, पोट सुटलेलं, वर पांढरा सदरा आणि खाली नोकरीतलीच खाकी पँट. खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. तिकिटाची मशिनं आली तेव्हा सगळ्यांचे चिमटे डेपोत जमा झाले, मास्तरांचा मात्र 'हरवला'. तो हरवलेला चिमटा ते दिवसभर खिशात हात घालून नुसताच वाजवायचे. टिक-टिक, टिक-टिक. मास्तर दारात यायच्या आधी तो आवाज यायचा, आणि आमची बायको चहाचं आधण वाढवायची.

त्यांच्या गाडीत बिनतिकीट माणूस कधी सुटला नाही, आणि त्यांनी कुणाला पकडलं असंही कधी झालं नाही. मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. अलिबागहून येताना माझ्या पुढच्या बाकावर इस्त्रीच्या कपड्यांतला एक गृहस्थ बसला होता, आणि मास्तर जवळ आले की तो झोपेचं सोंग घ्यायचा. मास्तर त्याच्या शेजारी उभे राहिले, पण बघत होते भलत्याच खिडकीतून बाहेर, नागावच्या वाड्यांकडे. तसंच बघत म्हणाले, "कुणाचं राह्यलंय का तिकीट?" आवाजात राग नाही, काही नाही. गृहस्थाला जाग आली. त्यानं तिकीट घेतलं आणि मास्तरांनी ते त्याला असं दिलं, की जणू तो आत्ताच गाडीत चढलाय.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, "सरळ पकडत का नाही?"

"सर, पकडला तर मानूस येक दिवस लाजतो," मास्तर म्हणाले. "त्यानं आपनहून मागितलं तर जलमभर तिकीट काढतो."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. शाळेत कॉपी करणाऱ्या मुलांना मी भर वर्गात उभं करायचो. त्यानंतरही करतच राहिलो, ते सोडा.

माझी साखर गोळ्यांना जुमानेनाशी झाली तेव्हा अलिबागच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. पेनसारखं उपकरण, पुढे केसाएवढी सुई, रोज नाश्त्याआधी पोटात टोचायची. डॉक्टरांनी दोन मिनिटांत दाखवलं, मी मान डोलावली आणि घरी येऊन ते पेन फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे ठेवून दिलं. नऊ दिवस ते तिथेच होतं. मला सुईची भीती वाटते हे माझ्या वयाच्या बासष्टाव्या वर्षी बायकोला कळलं. लग्नाआधी कळलं असतं तर बरं, असं ती म्हणाली आणि जाऊन मास्तरांना घेऊन आली.

मास्तर स्वतः वीस वर्षं इन्सुलिनवर. नोकरीत असताना ते मुरुडच्या स्टँडवर गाडी लागली, की डबा उघडायच्या आधी टोचून घ्यायचे. आणि गावात कुणाला इन्सुलिन सुरू झालं की ते आपण होऊन त्याच्या घरी जायचे. का, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"माझी आय सुईला भिऊन गेली, सर. रोगानं न्हाय. पेन घरात व्हता, औषध व्हतं. टोचायचं कुनी, यावर आमी तिघं भाव भांडत बसलो." एवढं बोलून त्यांनी सदरा वर केला आणि माझ्यादेखत स्वतःच्या पोटात सुई घालून दाखवली. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

त्यांचं सगळं शिकवणं एस.टी.चं होतं. पोट म्हणजे स्टँड. बेंबी म्हणजे डेपो मॅनेजरची केबिन, तिच्या दोन बोटं जवळ फिरकायचं नाही. केबिनच्या भोवती चार फलाट, दोन वर, दोन खाली. आठवडाभर एक फलाट, त्यातही काल टोचलं त्याच्यापासून बोटभर सरकून, मग पुढचा फलाट. "रोज येकाच जागी गाडी लावली तर फलाट खचतो," ते म्हणायचे. "मग तिथं औषध घातलं तरी गाडी पुढं जात न्हाय. जागच्या जागी फिरते." सुई दर वेळी नवी. टोचायच्या आधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का बघायचं, याला ते हॉर्न वाजवणं म्हणायचे. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत. नारळाच्या झावळ्यांत टाकलीत तर वाडीत अनवाणी फिरणाऱ्या बाईच्या पायात जाईल, हे त्यांनी मला तीन वेळा बजावलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुई आत गेल्यावर बटण पूर्ण दाबायचं आणि लगेच बाहेर काढायची नाही. दहा आकडे मोजायचे. मास्तरांना आकडे आवडायचे नाहीत. ते अलिबाग सोडल्यावरचे दहा थांबे म्हणायचे: आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, मुरुड. मुरुड येईपर्यंत सुई काढायची नाही. कुणी घाई केली आणि पोटावर औषधाचा थेंब दिसला की म्हणायचे, "काशीदलाच उतरलात वाटतं."

तीन दिवस त्यांनी मला सुई न लावलेलं पेन नुसतं हातात धरायला लावलं. चौथ्या दिवशी सुई लावली. मी ओसरीवर खुर्चीत बसलो, पोटाची चिमूट धरली आणि हात असा थरथरायला लागला, की बायको आत निघून गेली. मी म्हटलं, मास्तर, आज राहू द्या. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. समोरच्या पायरीवर बसून सुपारी कातरत गुणगुणायला लागले, "आक्षी, चौल, नागाव…"

"नागाव आधी," मी म्हटलं.

"आक्षी, चौल, नागाव…"

"अहो मास्तर, नागाव आधी, मग चौल! जन्म गेला तुमचा या रस्त्यावर!"

"मग आता पुढचं तुमीच म्हना," मास्तर म्हणाले. "सुई तर गेली आत."

खरंच गेली होती. मला कळलंसुद्धा नव्हतं. मी खाली बघितलं आणि घाबऱ्या घाबऱ्या रेवदंडा, साळाव करत मुरुडपर्यंत गेलो. मास्तर हसत होते. "चिडलेल्या मानसाचा हात कापत न्हाय," ते म्हणाले. मग आतून बायको बाहेर आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी तिनं मास्तरांना आंबोळ्या खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

मास्तरांच्या शिष्यांत मासे विकणारी हिराबाई पण होती. मागे मोठ्या वादळानंतर आठ-दहा दिवस वीज नव्हती, तेव्हाची गोष्ट. फ्रिज बंद, इन्सुलिन ठेवायचं कुठे? हिराबाईच्या घरी बर्फाला तोटा नाही. तिनं आपली बाटली पापलेटाबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवून दिली. मास्तर बघायला गेले तर औषध गोठून दगड. हिराबाई म्हणाली, "वितळंल की मास्तर, त्यात काय? मासा न्हाय का वितळत?" मास्तरांनी ती बाटली वितळू दिली आणि तिच्यासमोर गटारात ओतली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी औषध राहत नाही, हे तिला पटवायला त्यांना अख्खी सकाळ लागली. मग ते घरी आले, ओल्या वाळूत मडकं पुरलं आणि आसपासच्या सहा घरांची इन्सुलिनं त्यात कोरडी राहतील अशी ठेवली, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावून. वाळू दिवसातून चार वेळा भिजवायचे. अंगणात कुणी आलं की ते मडक्याकडे बोट दाखवून "सांभाळून, आत पाशिंजर हायत" म्हणायचे.

दर गुरुवारी सकाळी ते स्टँडवरच्या बाकावर बसायचे. बाजाराला आलेले आसपासच्या गावांतले लोक पेन घेऊन, नाहीतर नुसती भीती घेऊन त्यांच्याकडे यायचे. प्रत्येकाला ते एक कार्ड करून द्यायचे. मुलीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मध्ये केबिन आणि भोवती चार फलाट. रोज जिथे टोचलं तिथे पेन्सिलीनं खूण करायची आणि पुढच्या गुरुवारी दाखवायची. बाकीच्यांना पेन्सिल. मला मात्र त्यांनी खिशातला चिमटा काढून दिला.

"तुमी शिकलेलं मानूस. पंच तुमच्याकडं र्‍हाऊं द्या."

मी नको म्हटलं. खरं तर मला फार बरं वाटलं होतं. त्या दिवसापासून मास्तर दारात आलेले कळेनासे झाले.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण इथपर्यंत माझी काही चूक नाही आणि इथून पुढे सगळी माझीच आहे.

माझी भीती गेली नव्हती. मी ती फक्त एका जागी नेऊन बसवली होती. डावीकडच्या खालच्या फलाटावर, म्हणजे मास्तरांच्या दोन नंबरवर, मला जरा कमी टोचायचं. म्हणून आठवडा संपला तरी मी तिथेच राहिलो. दोन-तीन आठवड्यांत तिथलं टोचणं कळेनासंच झालं. एवढं सुख सोडून कोण जातं? मी रोज दोन नंबरवर टोचायचो, मुरुड येईपर्यंत थांबायचो आणि मग कार्ड घेऊन इमानदारीत तीन नंबरवर भोक पाडायचो. पुढच्या आठवड्यात चार नंबरवर. मग एक. माझं कार्ड सगळ्यांत सुबक होतं. गुरुवारी मास्तर ते बाकावर लोकांना दाखवायचे. "बघा, सरांचं कार्ड बघा."

जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस मी. खोटी वही कशी असते हे मला चांगलं ठाऊक होतं.

तीन महिन्यांत साखर वाढली. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुन्हा वाढली, पुन्हा डोस वाढवला. त्यांनी विचारलं, "जागा बदलता ना?" मी खिशातून कार्ड काढून दिलं. त्यांनी कौतुकानं बघितलं, कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "गावात एक जुने कंडक्टर आहेत." डॉक्टर हसले. मीही हसलो. बायको शेजारी बसली होती, ती हसली नाही.

घरी येताना ती म्हणाली, "अहो, जागा तर बदलता, रोज घेताही. मग शिकवण्यातच काहीतरी चुकत असणार. शेवटी ते काय डॉक्टर आहेत?" मी एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो. त्यानं तिचं म्हणणं पक्कं झालं.

ती वाईट बाई नाही. तिला माझी काळजी होती, म्हणून तिनं मासळी घेताना हिराबाईलाही सांगितलं, की मास्तरांच्या पद्धतीनं आमच्या ह्यांची साखर वाढली, तू जपून. बाजारात सांगितलेली गोष्ट बाजारात राहते होय? पुढच्या गुरुवारपर्यंत स्टँडवर पोचली.

मास्तर आमच्याकडे आले. आवाज न करता. ओसरीवर बसले, चहा घेतला नाही, कार्ड मागितलं. चष्मा लावून एकेक भोक बोटानं चाचपलं.

"कार्ड तर बराबर हाय," ते म्हणाले. "मंग माझंच कुठं चुकतंय?" त्यांनी चष्मा काढला. "सर, जरा पोट दाखवता का? हातानं बघतो."

माझ्या पोटावर दोन नंबरला तोवर लिंबाएवढा मऊ फुगवटा आला होता. मला माहीत होता. अंघोळीच्या वेळी मी तिकडे बघायचं टाळायचो. मी सदरा खाली ओढला आणि म्हटलं, "त्याची काही गरज नाही, मास्तर. डॉक्टर बघतायत."

मास्तरांनी मान हलवली. मग समोरच्या माडाकडे बघत म्हणाले, "कुणाचं राह्यलंय का?"

तिकीट हा शब्द ते बोललेच नाहीत. मला वाटलं, जुनी सवय. असं मला वाटलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, "चहा तरी घ्या."

पुढच्या गुरुवारी मास्तर बाकावर बसले नाहीत. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. लोक विचारत होते. ते म्हणत, "माझ्या हातनं सरांचं चुकलं. सरांसारख्याचं चुकलं, तर अडान्याचं काय व्हईल?" गावाला तेही पटलं. सरांसारख्याचं! माझं ते सुबक कार्ड त्यांच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होता, आणि त्यावरचं प्रत्येक भोक त्यांच्याच चिमट्यानं पाडलेलं होतं.

हिराबाईनं टोचणं सोडलं. आधीच तिचं मन नव्हतं, मास्तर दर गुरुवारी ओढून न्यायचे म्हणून ती घेत होती. पावसाळ्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला शिंपला लागला, ती जखम भरेना, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. ती आता बसूनच मासे विकते. माझ्यासाठी अजून चांगला पापलेट बाजूला ठेवते. मी तो घेतो. तिच्या पायाकडे बघत नाही.

एका सकाळी दोन नंबरवर टोचल्यावर औषध परत बाहेरच आलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखरचा तीन नंबर गाठला. डोस तोच, दोनदा वाढवलेला. डॉक्टरांना विचारलं नाही, विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. कोऱ्या जागेत सगळं औषध एकदम लागू पडलं. नाश्त्याला वेळ होता म्हणून मी वाडीत शिंपणं बघायला गेलो आणि सुपारीच्या वाफ्यापाशी मला दरदरून घाम फुटला. हातपाय कापायला लागले, डोळ्यांपुढे सगळं पांढरं. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना.

त्या दिवशी मास्तर केळीची पानं न्यायला वाडीत आले होते. घरात ते हल्ली यायचे नाहीत, मागच्या बेड्यातूनच, म्हणजे वाडीच्या फाटकातूनच यायचे. त्यांनी मला बघितलं, मांडी घालून बसवलं, खिशातून साखरेची पुडी काढली. ती पुडी त्यांच्या खिशात कायम असायची. मला गिळता येतंय ना ते आधी विचारलं, मग विहिरीच्या पाण्यात साखर कालवून घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांत मला माझं नाव आठवायला लागलं. घामानं चिकटलेला सदरा त्यांनी वारा लागावा म्हणून वर केला होता. त्यांचा हात माझ्या पोटावर, दोन नंबरवर होता.

ते बोटानं त्या फुगवट्याची कड चाचपत राहिले, कार्डावरची भोकं चाचपली होती तसे.

"तिथं आता जाऊ नका, सर," शेवटी हळू आवाजात म्हणाले. "चांगले दोन-चार म्हैने. आन डॉक्टरला जाऊन सांगा. डोस कमी करावा लागंल, न्हायतर रोज असंच व्हईल."

बायको धावत आली. काय झालं, काय झालं करत होती. मास्तर उठून उभे राहिले, केळीची पानं उचलली आणि तिला म्हणाले, "काय न्हाय वैनी. सरांनी नाश्त्याला उशीर केला, येवढंच. खायला घाला आदी."

मी डॉक्टरांकडे एकटा गेलो आणि त्यांना सांगितलं. तेवढं धाडस मी केलं, कारण नाही केलं असतं तर मेलो असतो. डोस निम्म्यावर आला, जागा बदलायला लागलो, साखर उतरली. बायको म्हणाली, बघा, मास्तरांची पद्धत सोडलीत आणि गुण आला. मी ती पद्धत पहिल्यांदाच धरली होती.

गुरुवारी स्टँडवर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. एकच. 'मास्तरांचं बरोबर होतं, मी खोटी भोकं पाडत होतो.' गणपती झाले की सांगू म्हटलं. मग दिवाळी झाली की. मास्तर वाटेत भेटायचे, साखरेची चौकशी करायचे, आणि जाताना कुठेतरी भलतीकडे बघून तेच म्हणायचे. कुणाचं राह्यलंय का? त्यांनी मला पकडलं नाही. पकडलं असतं तर मी एक दिवस लाजलो असतो आणि सुटलो असतो, असं आता वाटतं.

पुढे त्यांची नजर अधू झाली, पेनावरचे आकडे दिसेनात, आणि पालीला दिलेली मुलगी त्यांना न्यायला आली. तिकडे वर्षभरात ते गेले. तिनंच फोन करून कळवलं. मी पालीला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

ते गेल्यापासून दर गुरुवारी त्या बाकावर मी बसतो. लोक पेनं घेऊन येतात. मी केबिन सांगतो, फलाट सांगतो, हॉर्न सांगतो, मुरुड येईपर्यंत थांबायला सांगतो. सदरा वर करून माझी ती जागा दाखवतो, अजून थोडी उंच आहे, आणि सांगतो की एका जागी टोचलं की असं होतं. 'चुकून झालं' असं सांगतो. नवीन लोक मला मास्तर म्हणायला लागलेत. मी त्यांना थांबवत नाही. बायको घरी हे वाचेल तेव्हा तिला पहिल्यांदा कळेल. हिराबाईला वाचता येत नाही, तिला मलाच जाऊन सांगावं लागेल.

मास्तर पालीला जायला निघाले त्या सकाळी मी चिमटा घेऊन स्टँडवर गेलो होतो. ठरवूनच गेलो होतो. अलिबागची गाडी लागली होती, तिथून पुढे त्यांना पालीची धरायची होती. मुलगी सामान चढवत होती. मास्तर खिडकीशी बसले होते, त्याच खाकी पँटीत, मांडीवर इन्सुलिनचा डबा. बाकावर नेहमीची सात-आठ माणसं, चहावाला, हिराबाई टोपलीसकट. सांगायला याहून चांगली जागा नव्हती.

मी खिडकीतून चिमटा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, एकदा वाजवला आणि परत माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली. "तुमच्याकडंच र्‍हाऊं द्या."

आतून नवा कंडक्टर मशीन घेऊन ओरडत आला, कुणाचं राहिलंय का तिकीट. मास्तर ते ऐकून जरासे हसले. माझ्याकडे बघितलं नाही. अधू डोळे बाकाच्या बाजूला लावून ते सुपारी कातरताना म्हणायचे तसं हळूहळू म्हणायला लागले,

"आक्षी, चौल, नागाव…"

आणि थांबले. मला चिडायला वेळ देत होते. सगळे ऐकत होते. नुसतं नागाव आधी म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप बाहेर पडलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"आक्षी, चौल, नागाव…" ते पुन्हा म्हणाले.

"पोचल्यावर फोन करा, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोनदा बेल वाजली आणि गाडी चौलच्या बाजूला वळली.